तूप ताटावर वाढावे

आमच्या घरी रविवारी मटण आणायला कोण जाणार, हा प्रश्न कधी पडतच नसे. मामंजी सकाळीच पिशवी घेऊन बाहेर पडत आणि येताना कोथिंबीर, आले आणि नारळही घेऊन येत. अशा घरातल्या माझ्या थोरल्या मुलीने पाच वर्षांपूर्वी मांस, अंडी, दूध आणि तूप या चारही गोष्टी एकदम सोडल्या. त्यानंतरचे सहा महिने मी रोज दोन स्वयंपाक केले. दोन आमट्या, दोन फोडण्या आणि घासायला दुप्पट भांडी हा त्रास एक वेळ सोसला असता, परंतु जेवणाच्या पंक्तीतही दोन बाजू पडू लागल्या. धाकटा तिच्या वाटीकडे पाहून नाक मुरडी, ती त्याच्या वाटीकडे पाहत नसे, आणि सासूबाई दोघांकडे पाहून जेवण अर्धवट सोडून उठत. त्यातून जी पद्धत हळूहळू बसली ती येथे लिहीत आहे. ज्या घरात एकाच माणसाने दूध-मांस सोडले आहे आणि बाकीच्यांनी सोडलेले नाही, अशा घरांना ती अधिक उपयोगी पडेल.

पद्धतीचा गाभा असा की पातेले एकच असावे आणि ते सर्वांना चालेल असे असावे. ज्याला जे वेगळे हवे ते त्याने आपल्या ताटावर घ्यावे. वरणात तूप घालून ते उकळले की ते एकाला वर्ज्य झाले. तेच तूप वाढताना वरून घेतले की कोणाचेच काही बिघडत नाही. ताकाची कढी पातेल्यात झाली की वेगळे काहीतरी करावे लागते, पण आमटी करून ताकाचा तांब्या शेजारी ठेवला की प्रश्न मिटतो.

यासाठी आधी आपल्याच घरातला पंधरा दिवसांचा स्वयंपाक एका कागदावर लिहून काढावा आणि दूध, दही, तूप नेमके कोठे पडते त्यावर खूण करावी. मी लिहिले तेव्हा झुणका, डाळकांदा, अख्खा मसूर, घेवड्याची उसळ, भरली वांगी, मेथीची भाजी, खर्डा आणि भाकरी या कशावरच खूण पडली नाही. खुणा पडल्या त्या वरणावरचे तूप, चपातीला लावायचे तूप, कढी, शिरा आणि चहा एवढ्यांवरच. कोल्हापूरच्या गंगावेशीत कासेखालचे धारोष्ण दूध उभ्याने पिणाऱ्यांच्या गावात हे वाचून मलाच नवल वाटले. आपले रोजचे जेवण शेंगतेलावर, शेंगदाण्याच्या कुटावर आणि खोबऱ्यावर उभे आहे. दूधदुभते त्याच्या कडेकडेने येते. चहाला मात्र मला समाधानकारक उपाय सापडलेला नाही. गवती चहा, आले आणि गूळ घालून केलेला कोरा चहा मुलगी आवडीने पिते. बाकी आम्ही सगळे दुधाचाच पितो.

आता चटणीविषयी, कारण कोल्हापुरात जेवणाची चव चटणी ठरवते. कांदा-लसूण चटणीत प्राण्यापासून आलेला एकही जिन्नस नसतो, त्यामुळे मांसाहारी जेवणातली निम्मीअधिक चव तिच्याबरोबर आपोआप शाकाहारी पातेल्यात उतरते. आमच्या घरचे प्रमाण असे: एक किलो मिरचीत निम्मी ब्याडगी रंगासाठी आणि निम्मी संकेश्वरी तिखटपणासाठी, त्याला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुके खोबरे, पाव किलो धणे, शंभर ग्रॅम तीळ, पन्नास ग्रॅम खसखस, गरम मसाल्याचे सगळे जिन्नस मिळून शंभर ग्रॅम आणि पाव किलो मीठ. कांदा उभा चिरून दोन दिवस कडक उन्हात वाळवावा आणि मग तेलात तांबूस, कुरकुरीत होईपर्यंत तळावा. कांद्यात ओल राहिली की चटणीला श्रावणात बुरशी येते, आणि ती चूक मी दोनदा केलेली आहे. कांडपावर देताना लसूण शेवटी घालायला सांगावे. चैत्र-वैशाखात एकदा हे काम उरकले की वर्षभर चिंता नाही.

रविवारच्या रश्श्याकडे येते. येथे पहिला सल्ला असा की मटणाची नक्कल करू नये. मी सोयाबीनच्या वड्या घालून तांबडा रस्सा केला आणि वाढताना काही बोलले नाही. धाकट्याने एक घास घेऊन वाटी सरकवली आणि नंतर महिनाभर प्रत्येक भाजीकडे तो संशयाने पाहत होता. आज तोच मुलगा हुलग्याचा, म्हणजे कुळथाचा, तांबडा दोन वाट्या ओरपतो, कारण त्याला हुलग्याचा तांबडा असेच नाव आहे आणि त्यात फसवणूक नाही.

मटणाच्या रश्श्याला खोली येते ती अळणी पाण्यामुळे, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यामुळे, म्हणून आपल्यालाही आधी तसे पाणी तयार करावे लागते. एक वाटी हुलगे कोरड्या कढईत मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावेत. भाजल्याने त्यांचा उग्र कच्चेपणा जातो. मग ते रात्रभर भिजवावेत आणि सकाळी सहा वाट्या पाणी, एक चिरलेला कांदा, आल्याचा तुकडा, हळद आणि मीठ घालून कुकरला सहा शिट्ट्या काढाव्यात व आणखी पंधरा मिनिटे बारीक गॅसवर ठेवावे. हे पाणी गाळून घ्यावे; हेच आपले अळणी. उरलेल्या हुलग्यांची दुसऱ्या दिवशी उसळ होते, त्यामुळे काही वाया जात नाही.

वाटणासाठी दोन कांदे थेट विस्तवावर किंवा गॅसच्या जाळीवर साल काळी होईपर्यंत भाजावेत, अर्धी वाटी सुके खोबरे आणि दोन चमचे तीळ वेगवेगळे भाजावेत, आणि त्यात लसणाच्या दहा पाकळ्या, इंचभर आले व मूठभर कोथिंबीर देठांसह घालून अगदी बारीक वाटावे. रस्सा फसतो तो बहुतेक वेळा जाडसर वाटणामुळे. मिक्सर थांबवून दोन बोटांत वाटण चोळून पाहावे आणि कण लागला तर पुन्हा फिरवावे. पळीभर शेंगतेलात हे वाटण आधी परतावे. सुरुवातीला ते तेल पिऊन घेते आणि भांड्याला चिकटू पाहते. त्या वेळी घाबरून पाणी घालू नये, चमचाभर अळणी शिंपडावे आणि हलवत राहावे. आठ-दहा मिनिटांनी कडेने तेल सुटू लागले, वाटणाचा गोळा उलथण्याबरोबर फिरू लागला आणि कच्च्या लसणाचा वास गेला की गॅस बारीक करून तीन चमचे चटणी घालावी. चटणी मोठ्या आचेवर पडली की जळून कडू होते आणि तर्रीचा रंग काळपट येतो. मग गरम अळणी ओतावे. गार ओतल्यास तर्री नीट वर येत नाही.

त्यात तुकडे कशाचे घालावेत, हे ऋतूवर सोडावे. फाल्गुन-चैत्रात घाटाखालून कोवळा फणस येतो. हाताला आणि विळीला तेल लावून तो चिरावा, मीठ-हळदीच्या पाण्यात दोनच शिट्ट्या द्याव्यात आणि रश्श्यात शेवटची दहा मिनिटे उकळावा. एरवी सुरण चालतो, मात्र तो आधी चिंचेच्या पाण्यात उकडून घ्यावा म्हणजे घशाला खाज येत नाही. पावसाळ्यात भाज्या महाग झाल्या की उन्हाळ्यात घातलेले सांडगे कामी येतात, आणि खरे सांगायचे तर मला स्वतःला सांडग्यांचाच रस्सा सर्वांत आवडतो.

पांढरा रस्सा अधिक नाजूक. त्याला हुलग्याचे पाणी चालत नाही, कारण रंग जातो. कोबीचा दांडा, फ्लॉवरचे देठ, कांदा, आले, तमालपत्र आणि चार मिरी पाण्यात पंचवीस मिनिटे उकळून ते पाणी गाळावे. दहा काजू, दोन चमचे पांढरे तीळ आणि एक चमचा खसखस गरम पाण्यात अर्धा तास भिजवून गंधासारखी वाटावी. तेलात दालचिनी, लवंग आणि वेलदोडा टाकून त्यावर आले-लसूण आणि तीन-चार हिरव्या मिरच्यांचे वाटण परतावे, नंतर काजूचे वाटण रंग न येऊ देता दोन मिनिटे परतून चार वाट्या अळणी घालून उकळी आणावी. एका मोठ्या नारळाचे दूध दोनदा काढून ठेवलेले असावे. आधी दुसऱ्या पिळणीचे पातळ दूध घालावे, गॅस अगदी बारीक करावा आणि मग पहिल्या पिळणीचे दाट दूध घालून सतत हलवावे. कडेला रस्सा थरथरू लागला की लगेच गॅस बंद करावा. खळखळून उकळी आली की दूध फुटते. मीठ शेवटी घालावे आणि लिंबू घालायचेच असेल तर ज्याने त्याने आपल्या वाटीत पिळावे. फुटलाच तर थोडा निवू द्यावा, मिक्सरमधून फिरवून गाळावा आणि पुन्हा गॅसवर न ठेवता वाढावा.

हे सगळे सणावाराचे आणि सुट्टीच्या दिवसाचे झाले. परंतु या पद्धतीची खरी ओळख मला सासूबाई गेल्या त्या दिवसांत झाली.

अंत्यविधीहून मंडळी परतली तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. घरात चूल पेटणार नव्हती. समोरच्या वहिनींनी आणि भावकीतल्या जावेने भाकरी आणि बिनफोडणीचे पिठले आणले. या जेवणाला आपल्याकडे कडू घास म्हणतात. मुलगी दिवसभर उपाशी होती आणि तिला काय द्यायचे हा विचार माझ्या मनात आला, तोवर ती खाली बसून भाकरी मोडू लागली होती. त्या पिठल्यात वगळण्यासारखे काही नव्हतेच. पुढचे दहा दिवस शेजारपाजारहून जे डबे आले, त्यांत वरण-भात, मुगाची आमटी, उकडलेल्या शेंगा, दोडक्याची भाजी, भाकरी असेच होते. सुतकात मांस शिजत नाही, तळण होत नाही, गोडधोड होत नाही. जी गोष्ट घरात पाच वर्षे वेगळी म्हणून चालली होती, ती त्या दहा दिवसांत सर्वांचीच झाली आणि कोणाच्या लक्षातही आली नाही.

म्हणून दुःखाच्या घरी डबा पाठवणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर लिहिते. बिनफोडणीच्या पिठल्यासाठी एक वाटी बेसन चार वाट्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवावे, त्यात मीठ, दोन ठेचलेल्या हिरव्या मिरच्या आणि कोथिंबीर घालावी आणि मग भांडे गॅसवर चढवावे. फोडणी नसल्यामुळे चव सगळी शिजण्यावर अवलंबून असते. पिठले दाटले तरी उतरवू नये, झाकण ठेवून आणखी सात-आठ मिनिटे मंद आचेवर राहू द्यावे, म्हणजे बेसनाचा कच्चा वास जातो. ते निवताना आणखी घट्ट होते, त्यामुळे उतरवताना थोडे सैलच असावे. लसूण आणि हळद चालते की नाही, हे घरागणिक वेगळे असते; जाणत्या बाईला हळूच विचारून घ्यावे. तिखट निम्मे ठेवावे, कारण रडून घसा कोरडा पडलेला असतो. भाकरीबरोबर मऊ भात अवश्य द्यावा, म्हाताऱ्यांना आणि मुलांना भाकरी गिळत नाही. परत न्यावा लागेल असा चांगला डबा पाठवू नये. त्या घरात कोणाचा डबा कोणता, याचा हिशेब ठेवण्याच्या मनःस्थितीत कोणी नसते. आमच्याकडे अजून एक स्टीलचे झाकण आहे, त्याचे धनी सापडलेले नाहीत.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून येणारे डबे कमी होतात आणि भेटायला येणारी माणसे वाढतात. त्या वेळी नाचणीची आंबील फार उपयोगी पडते. तीन मोठे चमचे नाचणीचे पीठ वाटीभर पाण्यात रात्री कालवून झाकून ठेवावे. आपल्याकडच्या हवेत ते सकाळपर्यंत आपोआप आंबते, त्यासाठी ताक लागत नाही. थंडीत मात्र चुलीच्या उबेला ठेवावे लागते. तीन वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण ओतावे, चकाकी येईपर्यंत ढवळावे आणि मीठ, जिरेपूड व चालत असल्यास ठेचलेला लसूण घालावा. ज्याला जेवण जात नाही त्यालाही आंबील जाते. ताकाची हवी असेल त्याने पेल्यात ताक मिसळून घ्यावे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. रक्षाविसर्जनाच्या दिवशी सकाळी गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ पंचगंगेच्या स्मशानभूमीत न्यायचे असतात. सासूबाईंना शेवटच्या वर्षात दहीभाताशिवाय काही गोड लागत नसे. मी भात कुस्करत होते आणि दही कोणी कालवायचे यावर कोणी काही बोलत नव्हते, इतक्यात मुलीने फ्रिजमधून दह्याचे भांडे काढले, हाताने भात कालवला, वर थोडे मीठ टाकले आणि द्रोणात भरला. नंतर नळाखाली तिने हात बराच वेळ धुतला. कावळा लवकर शिवला की उशिरा, हे येथे सांगण्याचे कारण नाही. आपला नियम आपल्या ताटापुरता ठेवावा, हे ती माझ्याकडून शिकली की मी तिच्याकडून, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आनंदाच्या प्रसंगांत अडचण उलट असते. तेथे तूप हात सैल सोडून पडते. बारशाला घुगऱ्या असतात, म्हणजे उकडलेले गहू आणि हरभरे, त्यामुळे निम्मे काम झालेलेच असते. पुरणपोळीही फारशी अडवत नाही. कणीक तेलात तिंबावी, पोळी तव्यावर तेलानेच भाजावी आणि वाढताना ज्याला तूप हवे त्याला तूप, नको त्याला वेलदोडा घातलेले नारळाचे दूध द्यावे. पुरणात उलथणे उभे राहिले की ते झाले, ही खूण कोणत्याही पुरणाला लागू आहे. डाळीचे वरचे पाणी टाकू नये. त्याची येळवणीची आमटी पोळीइतकीच महत्त्वाची असते. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, आमच्याकडे हाच बेत असतो.

पाहुणे जास्त असतील तर मी खपली गव्हाची खीर करते, जिला शिरोळकडे हुग्गी म्हणतात. सडून साल काढलेली खपली आठ तास भिजवून कुकरला सात-आठ शिट्ट्या द्याव्यात आणि दाणा बोटांत दाबून पाहावा; तो पूर्ण मऊ झाल्याशिवाय गूळ घालू नये, कारण गूळ पडल्यावर दाणा पुढे मऊ होत नाही. एक वाटी गव्हाला सव्वा वाटी गूळ लागतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण घेताना नावापेक्षा रंग पाहावा. फार पिवळाधमक गूळ टाळून तांबूस काळसर घ्यावा. गूळ विरघळला की सुंठ, जायफळ आणि खोबऱ्याचे काप घालावेत व खीर उतरवून शेवटी नारळाचे दूध मिसळावे. गाईम्हशीचे दूध गरम गुळाच्या खिरीत घातले तर ते नासण्याची भीती असते, त्यामुळे जुन्या बायकाही या खिरीत नारळाचेच दूध पसंत करतात.

प्रकृतीबद्दल थोडक्यात. नाचणीत शंभर ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि तीळही त्यासाठी चांगले. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी करतो, ती वर्षभर करायला हरकत नाही. कडधान्य आणि धान्य एका जेवणात असावे, म्हणजे प्रथिनांची बाजू सांभाळली जाते. पालेभाजीवर लिंबू पिळल्याने तिच्यातले लोह अंगी लागते, आणि जेवणाला लागून चहा घेतल्याने ते कमी लागते. ब-१२ जीवनसत्त्व मात्र वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावीच लागते, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने तर त्यात अजिबात चालढकल करू नये. मुलीची गोळी चटणीच्या बरणीशेजारी ठेवली आहे, म्हणजे विसर पडत नाही.

उरलेला पांढरा रस्सा गरम कसा करावा, हे विचारले जाते. तो थेट गॅसवर ठेवू नये. पसरट भांड्यात कढत पाणी घेऊन त्यात रश्श्याचे भांडे ठेवावे आणि अधूनमधून ढवळावे. दहा मिनिटांत तो पिण्याजोगा होतो. रविवारी धाकटा कामावरून रात्री साडेनऊला येतो, म्हणून नऊ वीसला मी पाणी तापत ठेवते.